सर जोसेफ भोर: प्राथमिक आरोग्य केंद्राचा आराखडा आखणारा नाशिकचा माणूस

तुम्ही मुखेड तालुक्यातल्या बाऱ्हाळी, मुक्रमाबाद, जांब किंवा बेटमोगऱ्याच्या बाजूला राहत असाल, तर घरात कुणी गरोदर राहिली की पहिली भेट आशाताईंची होते. त्या नाव नोंदवतात. मग उपकेंद्रातल्या सिस्टर वजन, रक्तदाब, रक्ततपासणी पाहतात. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, अडचण असेल तर मुखेडचं सरकारी रुग्णालय आणि फारच गुंतागुंत झाली तर सत्तरएक किलोमीटरवरचं नांदेड. ही साखळी इतकी ओळखीची आहे की ती कधीतरी कुणीतरी कागदावर आखली असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

ती आखणाऱ्या समितीच्या अध्यक्षांचं नाव सर जोसेफ विल्यम भोर. आम्ही डॉक्टर लोक विद्यार्थीदशेत भोर समिती, 1946, एवढं पाठ करतो, तोंडी परीक्षेत सांगतो आणि पुढे जातो. भोर कोण, कुठले, याची चौकशी करत नाही. मीही बरीच वर्षं केली नव्हती. त्यांना इंग्रज समजणारे डॉक्टर मला भेटले आहेत. भोर नाशिकचे.

नाशिक, पुणे, लंडन

जोसेफ भोर यांचा जन्म 1878 साली नाशिकचा, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. शिक्षण पुण्यात बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात आणि त्यानंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालं. 1902 मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, म्हणजे त्या काळच्या आयसीएसमध्ये आले आणि त्यांना मद्रास इलाखा मिळाला. 1914 ते 1919 ते कोचीन संस्थानाचे दिवाण होते.

1911 साली त्यांनी मार्गारेट स्टॉट यांच्याशी लग्न केलं. मार्गारेट स्वतः वैद्यकीय पदवीधर होत्या. भोर मात्र डॉक्टर नव्हते, हे मुद्दाम लक्षात ठेवा. आरोग्य सेवेवरचा या देशातला सर्वात गाजलेला अहवाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांनी आयुष्यात कधी नाडी तपासली नव्हती. मला यात काही वावगं वाटत नाही. गरोदर बाई कशाने मरते हे डॉक्टर सांगू शकतो. तिच्यापर्यंत नर्स, औषध, गाडी आणि रक्त वेळेवर का पोचलं नाही, हे मात्र बहुतेक वेळा कारभार कळणाऱ्यालाच नीट दिसतं.

आणि कारभार त्यांनी भरपूर पाहिला. विसाच्या दशकात ते केंद्र सरकारच्या शिक्षण, आरोग्य आणि जमीन या एकत्रित खात्याचे सचिव होते. त्या काळात आरोग्य हा विषय असा शिक्षण आणि जमिनीच्या मध्ये बसवलेला होता. शिवाय 1919 च्या कायद्याने सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने प्रांतांकडे दिले गेले होते. दिल्लीतला सचिव सल्ला देऊ शकत होता, प्रांताला हुकूम करू शकत नव्हता. प्रांत पैसे नाहीत म्हणत, नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्ड त्याहून हात वर करत. एकाच बाईचं बाळंतपण, तिच्या गावचं पाणी आणि तिच्या मुलाची देवीची लस ही तीन वेगवेगळ्या लोकांची कामं होती आणि ते तिघे एकमेकांना विचारत नसत.

पुढे सायमन कमिशनचं काम, मग 1932 ते 1935 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार आणि रेल्वे ही खाती, जपानबरोबरच्या व्यापार कराराच्या वाटाघाटी असं बरंच काही झालं. सर हा किताबही मिळाला. आपल्या विषयाशी त्याचा फारसा संबंध नाही, म्हणून इथेच सोडतो.

1943: युद्ध, दुष्काळ आणि एक समिती

ऑक्टोबर 1943 मध्ये सरकारने आरोग्य पाहणी आणि विकास समिती नेमली आणि निवृत्त झालेल्या भोरांना अध्यक्ष केलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती. अशा वर्षी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्य सेवेची मोजदाद करायची आणि पुढच्या चाळीस वर्षांचा आराखडा द्यायचा, असं हे काम होतं.

समितीत कोण होतं हे पाहण्यासारखं आहे. मद्रासचे ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार स्वतः प्रसूतितज्ज्ञ होते. कलकत्त्याचे जॉन ग्रँट सार्वजनिक आरोग्यातले जाणकार होते. आणि आपल्याकडचे कामगार नेते ना. म. जोशी होते. जोशींनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताने तसा कायदा 1929 मध्ये केला. गरोदर बाईला दवाखान्याइतकीच पगारी विश्रांतीची गरज असते, हे ज्यांनी आधीच सभागृहात मांडून पाहिलं होतं, ते आता आरोग्याच्या टेबलाशी बसले होते.

दोन वर्षं फिरून, माहिती गोळा करून समितीने जे आकडे मांडले, ते आजही वाचताना थांबायला होतं. हजार जिवंत जन्मांमागे 162 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. हजार बाळंतपणांमागे सुमारे 20 आया मरत होत्या, म्हणजे वर्षाला अंदाजे 2 लाख. एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे होते. जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान 27 वर्षांच्या आसपास होतं. आणि सुमारे 30 कोटी लोकांसाठी नर्स होत्या 7 हजार, प्रशिक्षित सुईणी 5 हजार. साठ हजार माणसांमागे एक सुईण!

तुलनेसाठी अलीकडचा एक आकडा सांगतो. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 आणि महाराष्ट्रात 33 होतं. भोरांच्या काळातलं प्रमाण याच मापात मांडलं तर 2 हजार येतं.

समितीने नेमकं काय सुचवलं?

अहवाल 1946 मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. तो बराच जाडजूड आहे. तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट मात्र एका वाक्यात सांगता येते: आजार होऊ नये म्हणून करायचं काम आणि आजार झाल्यावर करायचं काम एकाच छपराखाली, एकाच यंत्रणेकडे असावं.

आज यात काही नवल वाटत नाही. तेव्हा दवाखाना हे वैद्यकीय खातं होतं आणि लस, पाणी, साथी, जन्ममृत्यूची नोंद हे सॅनिटेशन खातं होतं. दोघांचे अधिकारी वेगळे, पैसे वेगळे, दौरे वेगळे. सर्वात जास्त नुकसान व्हायचं ते आई आणि बाळाचं. गरोदरपण हा आजार नाही, म्हणून दवाखाना बाईची वाट पाहत बसायचा. ती अडल्यावर यायची, तोवर फार उशीर झालेला असायचा. आणि जी घरोघरी जाऊ शकत होती, त्या यंत्रणेकडे बाळंतपणाचं कौशल्य नव्हतं.

यावर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं. पहिल्या टप्प्यात 40 हजार लोकसंख्येला एक. त्यात 2 डॉक्टर, 1 नर्स, 4 सार्वजनिक आरोग्य परिचारिका, 4 सुईणी, 4 प्रशिक्षित दाया, 2 स्वच्छता निरीक्षक, 2 आरोग्य सहायक, 1 औषधनिर्माता आणि 15 इतर कर्मचारी. ही यादी पुन्हा वाचा. डॉक्टर दोन, आणि आई-बाळाकडे घरी जाऊन पाहणाऱ्या बायका डझनभर. माझ्या मते समितीच्या विचाराचं खरं वजन इथे दिसतं. गरोदरपणात लवकर नाव नोंदवणं, तपासण्या, साधं बाळंतपण घरी पण शिकलेल्या हाताने, अवघड असेल तर वरच्या रुग्णालयात, नंतर बाळाचा पाठपुरावा, आणि हे सगळं एकाच केंद्राच्या नोंदवहीत.

दायांना शिकवून घ्या, पण पुरेशा सुईणी तयार होईपर्यंतची ती तात्पुरती सोय समजा, असंही त्यांनी म्हटलं. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्यांचं पायाभूत तत्त्व होतं. गावोगावी ग्रामस्थांची छोटी आरोग्य समिती असावी आणि केंद्र व प्रांत यांनी एकत्र बसून ठरवण्यासाठी कायमची परिषद असावी, हेही होतं. अशी केंद्रीय आरोग्य परिषद 1952 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थापन झाली. गावची समिती यायला मात्र 2005 चं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान उजाडावं लागलं. तुमच्या ग्रामपंचायतीत ती ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती या लांबलचक नावाने असते. तिची शेवटची बैठक कधी झाली, हे सरपंचांना जरूर विचारा.

अहवालात सगळंच बरोबर होतं असं नाही. कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम, ज्यातून एलएमपी डॉक्टर तयार होत, तो बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर असावा असं बहुमताने सुचवलं गेलं. काही सदस्यांनी त्याला लेखी विरोध केला होता. तो विरोध योग्य होता असं मला वाटतं, कारण खेड्यात राहायला तयार असलेला डॉक्टर त्यामुळे कमी झाला आणि त्याची जागा आजही नीट भरलेली नाही. वैद्य-हकीमांना समितीने जवळजवळ बाजूलाच ठेवलं. आणि गावातल्याच माणसाला थोडं शिकवून हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक नेमावा, ही कल्पना भोरांची नव्हे. ती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या, राष्ट्रीय नियोजन समितीखालच्या उपसमितीची. तुमच्या दारी येणाऱ्या आशाताई या हिशेबाने सोखींच्या वारसदार आहेत आणि त्या जिथे कागद पोचवतात ते केंद्र भोरांचं आहे.

मुखेडपर्यंत हे कसं पोचलं

अहवाल आला तेव्हा मुखेड त्यात नव्हतंच. समितीचं काम प्रामुख्याने ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं होतं आणि नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं 2 ऑक्टोबर 1952 पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर सुरू झाली. पण 40 हजारांना एक ऐवजी सुमारे शंभर गावांच्या अख्ख्या गटाला एक, आणि माणसं कितीतरी कमी. आजचा मैदानी भागातला निकष 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांना एक उपकेंद्र असा आहे. लोकसंख्येच्या बाबतीत आपण भोरांच्या पुढे गेलो. मनुष्यबळाच्या बाबतीत त्यांची यादी घेऊन आपल्या केंद्रात उभे राहिलात तर फरक दिसेल.

आता जिथे खरी गाठ बसते तिथे येऊ. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं त्यांच्याकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. तालुक्याचं रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. आणि 1975 पासून आलेली अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. भोरांनी दोन खाती एकत्र आणायला सांगितली होती. आपल्याकडे आई-बाळासाठी चार टेबलं आहेत.

समजा, तुमची धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. तिचं वजन अंगणवाडीत होतं, हिमोग्लोबिन उपकेंद्रात, सोनोग्राफी तालुक्याला. हिमोग्लोबिन 6.8 आलं. ही तीव्र रक्तक्षयाची पातळी आहे (7 च्या खाली), अशा बाईला बाळंतपणात थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेतू शकतं. सिस्टरने वहीत लाल खूण केली. दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीच्या टोळीत पश्चिम महाराष्ट्रात किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात गेली. वही इथेच राहिली. फडावर तिला ओळखणारी आशा नाही. मार्चमध्ये ती परत आली तेव्हा नववा महिना सरत आलेला. कळा रात्री सुरू झाल्या, तालुक्याच्या रुग्णालयात गेली, तिथल्या डॉक्टरसमोर एक अनोळखी बाई, कागद नाही. रक्तगट काय, सूज कधीपासून, आधीचं बाळंतपण कसं, सगळं शून्यातून विचारायचं. यात कुणी कामचुकारपणा केला असं नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलावरचं काम केलेलं असू शकतं.

मुखेड हा बालाघाटाच्या रांगांमधला, पावसावर जगणारा तालुका. इथून माणसं कामासाठी बाहेर जातात, आणि बाळंतपणाला बाई माहेरी जाते ती कधी उदगीर-देगलूरकडे, तर कधी बीदरकडे. म्हणजे जिल्हा बदलतो, राज्यही बदलतं. भोरांच्या आराखड्यात गाव एका जागी असतं आणि बाईही तिथेच असते. ही त्यांची मोठी उणीव, आणि अजून आपणही ती पूर्ण भरलेली नाही.

मग तुमच्या हातात काय आहे?

यंत्रणा जोडणं हे सरकारचं काम आहे, तुमचं नव्हे. पण तोवर या चार टेबलांमध्ये फिरणारा एकच कागद आहे, तो म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि कार्ड घ्या. त्यावर आरसीएच क्रमांक लिहून घ्या. या क्रमांकावरून तुमची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातही शोधता येते. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. अंगणवाडी, उपकेंद्र, खासगी सोनोग्राफी, कुठेही गेलात तरी आकडे त्याच कार्डावर लिहून मागा. लाजू नका, मागणं हा तुमचा हक्क आहे.

कामाला किंवा माहेरी जाण्याआधी सिस्टरना आठवडाभर आधी सांगा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुढच्या तपासणीपर्यंत पुरतील इतक्या सोबत घ्या. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा शिरेतून लोह देतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, चहाबरोबर तर नकोच. शौचाला काळी होणं नेहमीचं आहे, त्यासाठी गोळी बंद करू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते. जोखमीची नोंद झालेल्या बाईने ती चुकवू नये.

रक्तस्राव, झटके, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, ताप, वेळेआधी पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, जाण्या-येण्याची आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. आजारी बाळासाठी ही सवलत वर्षभर असते. वरच्या रुग्णालयात पाठवलं तर संदर्भचिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, आणि तिथे आधी फोन गेला का, हे विचारा. हा एक फोन बऱ्याचदा अर्धा तास वाचवतो.

बाळंतपणानंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. ही घरभेटींची पद्धत गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध झाली आणि तिथून देशभर गेली. तुम्ही त्या वेळी माहेरी असाल तर तिथल्या आशाताईंना निरोप पोचला आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहा.

सर जोसेफ भोर 1960 मध्ये इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर वारले, महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी. तोवर त्यांच्या अहवालातली केंद्रं देशात उभी राहू लागली होती. तुमच्या केंद्राच्या भिंतीवर त्यांची तसबीर बहुधा नसेल. पण पुढच्या तपासणीला जाल तेव्हा बाह्यरुग्ण विभागाची खिडकी आणि लसीकरणाची खोली एकाच व्हरांड्यात का आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल.